अवरेच्या दिवसांत, सकाळी दहा वाजता

अवरेकाई बाजारात आली की लोकांना भूक लागते, मला राग येतो.

डिसेंबरात जयनगरच्या मार्केटबाहेर ताडपत्र्या पसरतात आणि त्यांवर हिरव्या शेंगांचे ढीग पडतात. पुण्याच्या पाहुण्यांना आम्ही सांगतो, पावट्याचाच भाऊ समजा. ते समजतात, पण वास त्यांना समजत नाही. अवरेच्या सालीला एक तेलकट, उग्र वास असतो. बोटांना लागला की साबणाने जात नाही. इथे त्याला सोगडु म्हणतात. रात्री दव जितकं पडेल तितका सोगडु जास्त, आणि सोगडु नसेल तर बंगळूरचा माणूस शेंगेला हात लावत नाही. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्या आहे की आमच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलंय. आई थंडीत शाल गुंडाळून शेंगांची पाटी पुढ्यात ओढायची आणि म्हणायची, "स्वल्प हात लाव ग, सारू करूया." त्या पाटीभोवती घरातले सगळे बसायचे. जो हात लावणार नाही त्याला सारू, म्हणजे आमटी, नाही, हा नियम.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजवर आठवड्याची यादी असते, पर्समध्ये दिवसाची. जानेवारीच्या यादीत अवरे असते, शाली वाळवणं असतं, टेरेसवरची टाकी धुणं असतं. राग लिहायची गरज पडत नाही. तो आपोआप येतो, वेळेवर येतो, आणि दरवर्षी ताजा असतो.

तो पहिल्यांदा आला ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या एका हिवाळ्यात. तेव्हा बंगळूरला अजून सकाळी धुकं असायचं. दूधवाले माकडटोपी घालून यायचे, शाळेची पोरं स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकायची. मी नुकतीच एका ट्रस्टच्या इस्पितळात, मानसोपचार विभागात, संशोधक म्हणून लागले होते. इस्पितळ आता त्या नावाने उरलेलं नाही. विषय होता सायकोसिस. म्हणजे असा आजार, ज्यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात आणि शेजारच्या नळाचं टपटपणंसुद्धा आपल्याविरुद्धचा कट वाटू शकतं. पैसे परदेशातून आले होते. प्रश्न होता, गरीब वस्त्यांतले रुग्ण उपचार अर्धवट का सोडतात.

उत्तर आधीच ठरलेलं होतं. सगळ्या कागदांवर ते होतंच: रुग्णाला आपल्या आजाराची जाणीव नाही, घरच्यांचं अज्ञान, अंधश्रद्धा. माझं काम फक्त जाऊन ते उत्तर घेऊन येणं. आमचे सर पुण्याचे, अतिशय सभ्य. आवाज कधी चढवायचे नाहीत. दहा वर्षं बंगळूरला राहून त्यांना कन्नडमध्ये फक्त रिक्षावाल्याला डावीकडे-उजवीकडे सांगता यायचं. म्हणून तर मला घेतलं होतं. ते मला म्हणायचे, "बरं झालं बाई, घरचं माणूस मिळालं."

मी उपचार सोडलेल्या रुग्णांची वस्तीवार यादी केली आणि पत्ते शोधत निघाले. घरं सापडायची, बायका सापडायच्या नाहीत. शेजारीण हात लांब करून मार्केटच्या मागची बाजू दाखवायची.

मार्केटच्या मागे एका व्यापाऱ्याचं आवार होतं. आत पोत्यांवर ओळीने बायका. एका ओळीत शेंगा सोलणं चाललेलं, दुसऱ्या ओळीत हितकवरे. हितकवरे म्हणजे भिजवलेला दाणा चिमटीत धरून असा दाबायचा की आतली डाळ टुपकन बाहेर उडते आणि साल बोटात राहते. हॉटेलं, खानावळी, लग्नाचे आचारी सगळे तयार हितकवरे विकत घेतात, कारण ते काम कुणालाच घरी करायचं नसतं. पाण्यात भिजून बायकांची बोटं पांढरी, सुरकुतलेली, आणि नखांच्या कडेला काळी. हे काम वर्षातून थोडेच आठवडे असतं. पहाटे सुरू होतं, उन्हं कलली की संपतं. एक दिवस गैरहजर राहिलं तर दुसऱ्या दिवशी पोत्यावर दुसरी कोणी बसलेली असते.

माझ्या यादीतल्या बायका तिथे होत्या. उपचार सोडून कुठे परागंदा झालेल्या नव्हत्या. इस्पितळापासून दोन बस-थांब्यांवर बसून शहराचं जेवण सोलत होत्या.

त्यांतली एक नागरत्ना. तिशीची, उंच, नाकात दोन्ही बाजूंना मुगुट्या. नवरा सोडून गेलेला, सहा वर्षांची मुलगी, आणि रंगकाम करणारा भाऊ मंजुनाथ, ज्याला ती अण्णा म्हणायची. मी उभ्याने प्रश्न विचारायला लागले तर तिने मान वर न करता सांगितलं, "खाली बस अक्का. हात लाव. बोलायला मला तोंड लागतं, हात लागत नाहीत." मी बसले. पहिल्याच दाण्याला माझं नख लागलं आणि डाळ तुटली. तिने ती उचलून बाजूला टाकली. तुटलेली डाळ व्यापारी घेत नाही. "नखं कापून ये," ती म्हणाली.

मी नखं कापून गेले. त्या हिवाळ्यात रोज जात होते. माझ्या मुलाखतींच्या कागदांना सोगडु लागला. सरांनी एकदा फाइल उघडली आणि रुमाल नाकाला लावला.

नागरत्नाला दोन पुरुषांचे आवाज ऐकू यायचे. ते गच्चीवरच्या टाकीत बसतात आणि तिच्या कामाला नावं ठेवतात, असं ती सांगायची. महिन्याच्या इंजेक्शनने ते लांब जायचे, आणि हात चालू असले की आणखी लांब. "सीझनमध्ये ते गावाला जातात," ती म्हणायची आणि हसायची. शेजारची बाई म्हणायची, "माझ्या नवऱ्यालाही घेऊन जायला सांग." सगळी ओळ हसायची. इंजेक्शन तिला हवं होतं. हे मी मुद्दाम सरळ लिहिते, कारण पुढे कागदावर उलटं लिहिलं गेलं. तिला इंजेक्शन हवं होतं, ती त्याची तारीख सांगू शकत होती, आणि ते चुकलं तर काय होतं हे तिने एकदा भोगलेलं होतं. पण ओपीडी सकाळची. आठला रांग, दुपारी बंद. लागोपाठ दोन तारखा चुकल्या की केस पेपर बंद. पुन्हा नाव घालायचं तर नातेवाइकाला घेऊन नव्या रुग्णांच्या रांगेत. म्हणजे अण्णाचाही खाडा. अण्णा आधीच म्हणायचा, वेडाला तारीख असते काय.

डिसेंबरची तारीख तिची चुकलेली होती. जानेवारीची अजून यायची होती.

मी सरांना सांगितलं, आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी ओपीडी ठेवू. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, वेळ मी ठरवत नाही. मग मी ती वेळ कोण ठरवतं ते शोधायला निघाले. अधीक्षक म्हणाले विभाग ठरवतो. विभागाचे कारकून म्हणाले फार्मसीमुळे. फार्मसीवाले म्हणाले आम्ही सहापर्यंत असतो, आम्हाला काय. शेवटी मेट्रनबाईंनी सांगितलं: कर्मचाऱ्यांची बस दुपारी सुटते. बस वीस वर्षांपूर्वी ठरली, कारण तेव्हा इस्पितळ गावाबाहेर होतं. आता गाव इस्पितळाच्या चारही बाजूंनी होतं, दारात सिटी बस थांबायची, आणि तरी एका रिकाम्या होत जाणाऱ्या बससाठी आजारी माणसांनी मजुरी बुडवायची होती. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. राग त्याचाच आहे. अज्ञानाचा राग येत नाही, अज्ञान दूर करता येतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अवरेच्या दिवसांत ओपीडीतली बाकं रिकामी असतात, हे शिपायालाही माहीत होतं. तो त्या बाकांवर पाय पसरून पेपर वाचायचा.

जानेवारीत पैसे देणारे पाहुणे यायचे होते. दोघं, एक बाई आणि एक पुरुष. त्यांनी कळवलं होतं की या खेपेला रुग्णांशी बोलायचंय, संशोधनात त्यांचा सहभाग हवा. तो शब्द तेव्हा नवा होता. सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "चांगलं बोलणारे चार बघा. फार आजारी नकोत. आणि अगदी बरेही नकोत."

तिघींनी येणार नाही म्हणून सांगितलं. कामाचा दिवस. नागरत्नाने थोडा विचार केला. "एक दिवस देते," ती म्हणाली. "संध्याकाळचं झालं तर दरवर्षीचे वाचतील."

ती शेजारणीची रेशमी साडी नेसून आली. केसांत अबोली. बोटं मात्र काळीच. ती तिने पदरात धरली होती. चार खुर्च्या मांडलेल्या, तीन रिकाम्या. मी दुभाषी. तिने फार लांबण लावली नाही. दवाखाना संध्याकाळी उघडा, म्हणाली, आम्ही सगळ्या येऊ. सकाळी तुम्ही आम्हाला बोलावता तेव्हा आम्ही तुमचंच जेवण सोलत असतो. आणि तारीख चुकली की तुम्ही आमचं नाव काढता. नाव काढायला तुम्हाला माणूस मिळतो, संध्याकाळी बसायला मिळत नाही.

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सर माझ्याकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, "थोडं मवाळ करून सांगा हं."

त्या खोलीत मराठी फक्त आम्हा दोघांना येत होती. पाहुण्यांना इंग्रजी, नागरत्नाला कन्नड, आणि आम्हाला आमची घरची भाषा. आईची, अंगाईची, सारूच्या पाटीभोवतीची. ती त्यांनी भिंतीसारखी उभी केली होती आणि मला आत उभं केलं होतं. घरचं माणूस.

नागरत्नाने विचारलं, "काय म्हणाले ते?"

दुभाषाचं काम खोलीत बोललं गेलेलं सगळं पोचवणं. मी आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत. सर म्हणतात, हिचं बोलणं थोडं मवाळ करून सांग. आणि मग तिचं बोलणं शब्दशः सांगितलं, नाव काढण्याच्या वाक्यासकट.

पाहुण्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. पाहुणे म्हणाले, फार प्रभावी. सर म्हणाले, संध्याकाळच्या ओपीडीचा जरूर विचार करू. मग टाळ्या वाजल्या. टाळ्यांनी ती खोली पुन्हा त्यांची झाली.

जेवणात हितकवरेचं सारू होतं. पाहुणे दोनदा वाढून घेत होते. नागरत्नाने ताटातला एक दाणा बोटाने उलटा केला, त्यावरची चीर पाहिली आणि मला हळूच म्हणाली, "आमच्याच आवारातलं. नव्या पोरीचं काम. नख लागलंय."

जेवण झाल्यावर मी तिला घेऊन ओपीडीच्या खिडकीपाशी गेले. बाई इमारतीत आहे, इंजेक्शन कपाटात आहे, नर्स खुर्चीत आहे. कारकुनाने पेपर पाहिला आणि म्हणाला, आज हिचा ओपीडीचा दिवस नाही. मी सरांकडे गेले. सर पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवत होते. परत येताना मला म्हणाले, "आज तुम्ही जे केलंत ते बरं नाही केलंत. आपल्या घरातलं आपण घरात बोलतो." इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाले, नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडावा लागतो. मी म्हटलं, मोडा. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांची बस सुटणार होती.

नागरत्ना रेशमी साडीत, इंजेक्शनाशिवाय घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या पोत्यावर दुसरी बसली होती. व्यापाऱ्याच्या मिनतवाऱ्या करून चार दिवसांनी ती परत बसली. मग तारीख आली तेव्हा ती हलली नाही. कशी हलेल? केस पेपर बंद झाला.

अवरे संपते ती एकाएकी. शिवरात्रीच्या सुमारास थंडी मोडते, शेंगा जून होतात, ताडपत्र्या गुंडाळल्या जातात. रस्त्यांवर गुलाबी फुलं येतात. त्या वर्षीही आली, आणि मला त्यांचाही राग आला. हात रिकामे झाले तशी टाकीतली माणसं गावाहून परत आली. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी अण्णाने तिला रिक्षात घालून आणलं. हात साडीच्या पट्ट्याने बांधलेले. ती कुणाला तरी सांगत होती की मी नख लावलेलं नाही, माझं नख लागलेलं नाही. खिडकीतून उत्तर आलं, नवी केस, उद्या सकाळी आठला या. उद्या सण, परवा या. मी तिथेच होते. मी भांडले, नर्सने शेवटी माझ्या जबाबदारीवर इंजेक्शन दिलं. कारकुनाने पेपरवर लिहिलं: रुग्णाने मध्यंतरी उपचार नाकारला.

मी त्याला ते वाक्य खोडायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, दुसरा रकाना नाही.

ती सावरली, पण त्याला पावसाळा संपावा लागला. तोवर नवऱ्याकडची माणसं येऊन मुलीला गावी घेऊन गेली होती. वेड्या आईजवळ पोर कशी ठेवायची, म्हणाली. चार महिन्यांसाठी म्हणून नेली. ती परत आली ती स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला.

माझा करार मार्चमध्ये संपला, पुढे वाढवला नाही. अहवाल छापून आला, त्यात रुग्णांचा सहभाग उत्साहपूर्ण होता असं एक वाक्य होतं. नागरत्नाचा फोटोही होता. अबोली छान दिसत होती.

पुढची सगळी वर्षं मी त्या एका रकान्याशी भांडत आले. कोण उपचार नाकारतं आणि कुणाला उपचार नाकारले जातात, हाच माझा विषय. त्यावर लिहिलं, त्यावर पदवी मिळाली, त्यावर मला समित्यांवर बोलावतात, शाल घालतात. आणि जयनगरजवळच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी संध्याकाळी दवाखाना सुरू झाला तेव्हा मध्ये जवळपास एक तप गेलं होतं. त्याला काय लागलं? एक ट्यूबलाइट, एक नर्स, आणि तिच्या परतीच्या रिक्षाची सोय. एवढ्यासाठी एका बाईची मुलगी गेली. लोक मला म्हणतात, तुम्ही बदल घडवलात, आता तरी राग सोडा. मी सोडत नाही. दवाखाना संध्याकाळी उघडता येतो हे सिद्ध झालं, म्हणजे तो तेव्हाही उघडता आला असता हेही सिद्ध झालं. राग कमी कशाने होणार?

नागरत्ना आता साठीला आली. एक मुगुटी विकली, एक आहे. टाकीतली माणसं म्हातारी झालीत, म्हणते, फार बोलत नाहीत. गुरुवारचं इंजेक्शन चुकवत नाही. व्यापाऱ्याचं आवार गेलं, तिथे गाड्या ठेवतात. पण अवरेच्या दिवसांत तिच्या घरापुढच्या बोळात तिचीच पोती असतात. चार-पाच बायका, मोठी पातेली, खानावळींची मागणी. काम आता दिवे लागेपर्यंत चालतं, आणि तिथे मालकीण ती आहे. रागावून, ओरडून शिकवते.

गेल्या आठवड्यात मला एक फोन आला. फोनवरची मुलगी नागपूरची, मारतहळ्ळीला राहते, आवाज गोड. मोठी परिषद आहे, आऊटर रिंग रोडवरच्या हॉटेलात, मानसिक आरोग्यात लोकसहभाग या विषयावर. अध्यक्षस्थानी मी. "आणि मॅम, ॲक्च्युअली आम्हाला ना एक पेशंटचा व्हॉइस हवाय. नीट बोलणारं कोणी तरी. म्हणजे फार सिक नको, आणि अगदी नॉर्मल पण नको."

माझ्या हातात पेन होतं, यादी पुढ्यात होती. मी काहीच लिहिलं नाही. विचारलं, किती वाजता?

"मॉर्निंग दहाला."

मी म्हटलं, विचारून सांगते. आणि नागरत्नाला फोन लावला. मागे पातेल्यांचा आवाज, कुणाला तरी ती झापत होती. मी सांगितलं, असं असं आहे, जानेवारीत, सकाळी दहा वाजता.

ती म्हणाली, "अक्का, त्यांना अजून घड्याळ मिळालं नाही काय?"

मी हसले नाही. तीही हसली नाही.

"सीझनात मी हलत नाही," ती म्हणाली. "मागे एकदा हलले होते. त्यांना ऐकायचंय तर त्यांनी यावं. संध्याकाळी. चार हात जास्त मिळाले तर मला हवेच आहेत."

मी त्या मुलीला लगेच फोन केला. सांगितलं, तुमचं उद्घाटन, चहा, शाली सकाळी उरकून घ्या, माझ्याशिवाय. रुग्णांशी बोलण्याची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी सहाला आहे, पत्ता लिहून घ्या. बोळात मोटार येत नाही, तिठ्यावर उतरा. तिने हळूच विचारलं, मॅम, पण तिथे चेअर्सची अरेंजमेंट असेल ना?

"पोती आहेत," मी म्हटलं. "आणि सगळ्यांना कळवा, नखं कापून या."